तक्रार चालवणाऱ्याचीच घेतली जाईल

प्रिय भावजींना,

वयाने तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी मोठे म्हणून नमस्कार, आणि नात्याने धाकटे म्हणून आशीर्वाद. दोन्हींतलं जे लागू पडेल ते ठेवून घ्या, उरलेलं परत पाठवू नका. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कठड्याला धरता, की कोणी बघत नसेल तेव्हाच धरता? इकडे सगळं ठीक आहे. आईंचा रक्तदाब सकाळी वाढतो आणि दुपारची मालिका सुरू झाली की आपोआप उतरतो, त्यामुळे डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली आहे. मुलं वाढताहेत. मी आहे तशीच आहे, फक्त चष्म्याचा नंबर बदलला.

पत्र बघून दचकू नका, वाईट बातमी नाही. पत्र अशासाठी, की फोनवर मी ‘दादा’ एवढं म्हटलं की तुमच्याकडचं नेटवर्क जातं. आईंशी बोलताना रेंज असते, माझ्याशी हवापाण्यावर बोलताना असते, मुलांशी तर अर्धा अर्धा तास असते. तुमच्या दादांचं नाव निघालं की मात्र टॉवर कोसळतो. अकरा महिने हे चाललंय. अकरा महिन्यांपूर्वी तुम्ही आलात, चार दिवस छान राहिलात, जाताना यांनी तुम्हाला आपल्या व्हॅनमधून स्टेशनवर सोडलं, आणि त्या चाळीस मिनिटांत तुम्हा दोघा भावांत काहीतरी झालं. तेव्हापासून तुम्ही आला नाहीत, यांच्याशी बोलला नाहीत. मला तुम्ही एकदाच म्हणालात, “मी विचारलं, दादा समोर बघत राहिला. मला काय ते उत्तर मिळालं.” काय विचारलंत ते सांगितलं नाहीत. यांना विचारलं तर हे म्हणाले, माझ्याकडून काही झालं नाही. म्हणून तो विषय मी या पत्रात काढणारच नाही. (काढला तर तुम्ही पत्र घडी करून ठेवून द्याल, आणि कागद मी चांगले चार आणले आहेत.) हे पत्र गाडीच्या सर्व्हिसिंगबद्दल आहे. थोडक्यात लिहीन असं म्हणत नाही, ते मला जमत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

तर गाडी. आठ जणांची, तीन रांगांची, सरकत्या दाराची. घेतली तेव्हा घरात माणसं आठ होती, आता रोजची पाच आहेत, पण कोणीही आपली जागा सोडलेली नाही. आई मधल्या रांगेत दाराशी, म्हणजे उतरताना त्या पहिल्या. कन्या (पंधरावं लागलंय, आमच्याशी तिचं काही नातं आहे हे बाहेर कळू नये अशी तिची इच्छा असते) सगळ्यात मागे, कोपऱ्यात. चिरंजीव नऊ वर्षांचे, ते सगळीकडे. मी आईंच्या शेजारी, पिशव्यांच्या राखणीला. पुढची, ड्रायव्हरच्या डाव्या हाताची जागा तुमची, आणि तुम्ही नसलात की तिथे आईंची उशी आणि पाण्याची बाटली बसते. दार अजूनही कंबरेचा धक्का दिल्याशिवाय लागत नाही. मधल्या सीटवर चिरंजिवांनी बाळपणी सांडलेलं दूध उन्हाच्या दिवसांत अजून हजेरी लावतं. पण यांचा त्या गाडीवर जीव आहे. छापखान्यात यांना मशीन सोडून कोणी विचारत नाही, घरात माझ्यापुढे चालत नाही. पण एकदा त्या सीटवर बसून आरसा नीट केला की हे राजे. आपण सगळ्यांना घेऊन जातोय, यापलीकडे या माणसाला दुसरं सुख नाही.

दोन महिन्यांपूर्वी ही गाडी ओरडायला लागली. ब्रेक दाबला की पुढून, डावीकडून, एक बारीक, लांबलचक, दातांत कळ जाईल असा आवाज. आईंचं म्हणणं, कोणीतरी पाटीवर नख ओढतंय. कन्येचं म्हणणं, हे ऐकण्यापेक्षा ती शाळेत चालत जाईल (गेली नाही). चिरंजीव तो आवाज इतका हुबेहूब काढायला शिकले, की गाडी आली की चिरंजीव आले हे आम्हाला कळेनासं झालं. सिग्नलला थांबलो की शेजारचे स्कूटरवाले वाकून आमच्या चाकांकडे बघत. आणि या सगळ्या गदारोळात एकच माणूस शांत होता, तो म्हणजे ज्याचा पाय ब्रेकवर होता तो. हे विचारायचे, कसला आवाज? आम्ही म्हणायचो, हा, आत्ता आला तो. मग हे मान हलवून म्हणत, जुनी गाडी आहे, चार आवाज व्हायचेच, सगळे मिळून तिच्या मागे लागू नका. म्हणजे जणू आम्ही त्यांच्याकडे तिच्या चहाड्या करत होतो. जास्त ताणलं की गप्प. तुमच्या घराण्याचं हे गप्प बसणं मला वीस वर्षांत चांगलं पाठ झालंय, त्यामुळे मीही म्हटलं, बसा.

शेवटी आईंनी जेवण सोडायची धमकी दिली (एकच जेवण, दुपारचं), तेव्हा हे एकटेच गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेले आणि संध्याकाळी खुशीत परत आले. तेल बदललं, फिल्टर बदलला, काचासुद्धा पुसून दिल्या म्हणे. हे सांगत सांगत त्यांनी गाडी फाटकातून आत घेतली आणि ब्रेक लावला, तशी तिने असा टाहो फोडला की समोरच्या घरातल्या बाई गॅलरीत आल्या. मी यांच्या खिशातून गॅरेजचं कार्ड काढून वाचलं. वाहन: व्हॅन. चालक: आमचे हे. तक्रार: नाही.

आता तुम्हाला माहीत आहे, मी दिवसभर ड्रायक्लिनिंगच्या दुकानात हेच काम करते. गिऱ्हाईक म्हणतं कॉलरवर डाग आहे. मला डाग दिसो न दिसो, मी चिठ्ठीवर ‘डाग, कॉलर, आतून’ असं लिहून ती कपड्याला टाचते. डाग नाहीच, असं म्हणायची आमच्या धंद्यात सोय नसते. त्यामुळे ‘तक्रार: नाही’ हे वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. पुढच्या रविवारी मी सगळं कुटुंब गाडीत घातलं आणि साक्षीदार म्हणून गॅरेजमध्ये नेलं. यांनाच चालवायला लावलं, दुसरं कोण चालवणार.

गॅरेज म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड. जमिनीत एक खड्डा, त्यावर कोणाची तरी गाडी पोट उघडं टाकून उभी. भिंतीला पाने ओळीने टांगलेले, आणि ज्या पान्याची जी जागा तिथे त्याचं चित्र रंगवलेलं, म्हणजे कोणी पळवला तर भिंतच बोलते. मिस्त्री पन्नाशीचे, सडपातळ, डाव्या कानावर पेन्सिल खोचलेली. दाराशी टेबल टाकून त्यांच्या थोरल्या बहीण बसतात. त्या कार्डं लिहितात म्हणून सगळे त्यांना कार्डताई म्हणतात. आणि टेबलाच्या वर, लाल रंगात, वीतभर अक्षरांत लिहिलंय: तक्रार चालवणाऱ्याचीच घेतली जाईल. मी आवाजाचं सांगायला तोंड उघडलं, तशी कार्डताईंनी पेनाने वर खूण केली. या नियमामागे एक इतिहास आहे. पूर्वी कोणाच्या तरी आत्याबाईंनी गाडीत काहीतरी वाजतंय अशी तक्रार केली, मिस्त्रींनी दोन दिवस खपून अख्खा डॅशबोर्ड खोलला, आणि आत आत्याबाईंचीच केसांची पिन सापडली. तेव्हापासून मागे बसणाऱ्यांना त्या गॅरेजात मत नाही.

आम्ही चौघांनी मिळून बरीच वकिली केली. चिरंजिवांनी तर आवाज काढूनही दाखवला. (खड्ड्यातल्या माणसाने घाबरून डोकं वर काढलं, ते आपटलं.) मिस्त्री मान तिरपी करून सगळं ऐकत होते, आणि शेवटी म्हणाले, मी स्वतः बसून बघतो. हे स्टिअरिंगच्या चाकाशी, मिस्त्री तुमच्या जागेवर, आईंची उशी मांडीवर घेऊन. दोघांनी गॅरेजला दोन फेऱ्या मारल्या. आम्ही बाकावर ओळीने बसून बघत होतो. दोन्ही वेळा फाटकाशी ब्रेक लागला आणि दोन्ही वेळा गाडी अशी किंचाळली की आईंनी कानांवर हात ठेवले. गाडी थांबली, दोन्हीकडची दारं उघडली आणि दोघेही हसत उतरले. दोघांनाही काही ऐकू आलं नव्हतं, आणि दोघांनाही त्याचा फार आनंद झाला होता. तक्रार: नाही. शिक्का.

मला वाटायला लागलं, की या जगात पुरुषांनी आपापसांत काही ठरवलंय. पण निघताना कार्डताईंनी मला टेबलापाशी थांबवलं, चष्म्यावरून भावाकडे एकदा बघितलं आणि हळूच विचारलं, “तुम्हाला चालवता येते का हो?” मी म्हटलं, लायसन्स आहे. त्या म्हणाल्या, “मग बुधवारी सकाळी तुम्हीच घेऊन या. गर्दी नसते.”

लायसन्स आहे हे खरं होतं. सतरा वर्षांपूर्वी काढलं, दर वेळी नवं करून घेत आले, आणि मधल्या काळात कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेले नाही. त्यावरचा फोटो बघितला तर पोलीसच मला दुसऱ्याचं लायसन्स बाळगल्याबद्दल धरतील. पण बुधवारी दुकानातून रजा घेतली, हे छापखान्यात गेल्यावर किल्ली घेतली, आणि बसले. आईंना नको म्हटलं तरी त्या आल्याच. मधल्या रांगेत, दाराशी, हातात टॉवेल, पाण्याची बाटली आणि औषधांची पिशवी. घराची किल्ली शेजारी देऊन आल्या होत्या. का, ते मी विचारलं नाही. तीन किलोमीटर मी दुसऱ्या गिअरमध्ये गेले. वळायचं म्हणून दांडी खाली केली की वायपर चालू व्हायचे, आणि ते बंद करायला गेलं की पाणी उडायचं. फिरायला निघालेले एक आजोबा पाच मिनिटं आमच्या बरोबरीने चालत होते, शेवटी पुढे गेले. आई मागून एकदाच बोलल्या, “हळू हो.” त्याहून हळू जायचं तर उतरून ढकलावी लागली असती.

गॅरेजमध्ये कार्डताईंनी नवं कार्ड काढलं आणि चालक म्हणून माझं नाव घातलं. खरं सांगते भावजी, छापलेल्या ओळीपुढे स्वतःचं नाव बघून मला बरं वाटलं. मिस्त्री माझ्या शेजारी बसले, कार्डताईही टेबल सोडून आईंजवळ येऊन बसल्या, आणि आम्ही निघालो. पहिल्याच वळणावर मी ब्रेक दाबला. गाडी किंचाळली. मी म्हटलं, हा. मिस्त्री शांतपणे समोर बघत म्हणाले, “कुठे?” तशी कार्डताई दोन सीटांच्या मधून पुढे वाकल्या आणि त्यांच्या उजव्या कानाशी म्हणाल्या, “अरे, डावं पुढचं चाक ओरडतंय. रविवारीही ओरडत होतं. गिऱ्हाइकांसमोर तुला काय सांगणार होते मी?”

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली आणि म्हणाले, “मॅडम, माझा डावा कान गेलाय, आणि बारीक आवाज उजव्यालाही येत नाहीत. तीस वर्षं पत्रे ठोकले. पेन्सिल ठेवायला उरलाय तेवढा.” आणि लगेच विचारलं, “साहेबांचा कधी गेला?”

मी म्हटलं, कोणाचा? ते म्हणाले, “साहेबांचा. डावाच ना? टेबलाशी बोलताना मान वळवून उजवा कान पुढे करत होते. मी तेच करतो. आणि रविवारी गाडीत मी त्यांना तीनदा विचारलं, चाकं खोलून बघू का, ब्रेक कधी बदललेत. साहेब समोर बघत राहिले. तेव्हा मला वाटलं, त्यांना नको असेल. मग मी कशाला परत विचारू? नंतर लक्षात आलं, पण असं आपण होऊन कोणाला सांगायचं कसं?”

भावजी, मी गाडी भर रस्त्यात थांबवली. विषय काढणार नाही म्हटलं होतं, पण तो मी नाही काढला, मिस्त्रींनी काढला. ‘साहेब समोर बघत राहिले.’ शब्द तुमचेच, जागाही तुमचीच. मागून कोणीतरी हॉर्न वाजवत होतं, आई विचारत होत्या पेट्रोल संपलं का, आणि मी चाक धरून रडत होते. मला यांची कीव आली, तुमची आली, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा राग आला. या माणसाबरोबर वीस वर्षं राहते, दुसऱ्यांच्या कॉलरच्या आतले डाग शोधते, आणि हे मला दिसलं नाही. मिस्त्री बिचारे बावरले. मी ब्रेकसाठी रडतेय असं वाटून म्हणाले, “एवढं काही नाही मॅडम, दोन तासांचं काम आहे.”

काम खरोखर दोन तासांचं होतं. डाव्या चाकाचा ब्रेक अडकून बसला होता, त्यामुळे त्याचं पॅड झिजून पार पातळ झालं होतं. पॅडला एक छोटी पोलादी पट्टी असते, ती मिस्त्रींनी मला हातात दिली. पॅड संपत आलं की ही पट्टी चाकाच्या थाळीला घासते आणि ओरडते. तिचं काम तेवढंच, ऐकणाऱ्याला सावध करायचं. आणखी थोडे दिवस गेले असते तर लोखंडावर लोखंड घासलं असतं आणि मग ब्रेकचा काही भरवसा नव्हता, असं ते म्हणाले. दोन्हीकडची पॅडं नवी घातली, अडकलेलं सोडवलं, आणि कार्डताईंनी ‘तक्रार’ पुढे पहिल्यांदा काहीतरी लिहिलं. गाडी आता अगदी मुकाट थांबते. आईंची त्यावरही कुरकुर आहे, की आता हे घरी आल्याचं स्वयंपाकघरात कळत नाही.

संध्याकाळी हे आले, चहा झाला, आणि मी सोफ्यावर त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. एरवी मी डावीकडे बसते, तिकडे दिवा आहे. तिथे बसून गेल्या तीन वर्षांत मी यांना काय काय विचारलं होतं ते मला आठवायला लागलं. पडदे बदलू का. मुलीला पोहण्याच्या वर्गाला घालू का. माझी आई महिनाभर राहायला येऊ दे का. प्रत्येक वेळी हे गप्प, आणि मी ते हो म्हणून धरलं. (हे मी त्यांना सांगितलं तेव्हा हे बराच वेळ पडद्यांकडे बघत राहिले. म्हणाले, मला वाटलं तुझी आई आपली आपणच आली.) तर उजवीकडे बसून मी सरळ सांगितलं, की मिस्त्री असं असं म्हणाले. मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. म्हणाले, तीन वर्षं झाली, हळूहळू गेला. मशीनच्या उजव्या अंगाला बावीस वर्षं उभा आहे, डावा कान सतत तिच्याकडे. मी विचारलं, मग सांगितलं का नाही? तर म्हणाले, “सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी मिळून हातातलं चाक काढून घेतलं असतं. मग मी या घरात नुसता मागे बसून काय करू?”

मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही, शाई पसरेल. दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डावा कान बराचसा गेलाय, बारीक आवाज तर दोन्हींना मुळीच नाही, पण बोलणं ऐकायला उजवा ठणठणीत. गाडी चालवायला हरकत नाही, आरसा मोठा लावा आणि तपासणीला वेळेवर येत जा, असं ते म्हणाले, तेव्हा हे खुर्चीत इतके सैल झाले की मला वाटलं आता खाली घसरतात. कानात घालायचं एक यंत्र दिलंय. ते घालून घरात पाऊल टाकलं तर समोर चिरंजीव, गाडीचा तो आवाज काढत. हे दारातच थांबले. म्हणाले, “हा? दोन महिने तुम्ही हा ऐकत होतात?” आणि आईंच्या पायाशी बसून त्यांनी आईंची माफी मागितली. आई म्हणाल्या, “राहू दे रे, मला आता सवय झाली होती.” मग त्यांनी टीव्ही मोठा केला, तसं यांनी यंत्र काढून खिशात टाकलं. दिवसातून चार तास घालतात. उरलेला वेळ मी उजवीकडे असते.

आणि मग तुमचं सांगितलं. की त्या दिवशी स्टेशनवर जाताना भावजींनी तुम्हाला काहीतरी विचारलं होतं, आणि तुम्ही समोर बघत राहिलात. हे उठले, खिडकीशी जाऊन उभे राहिले. तुम्हाला ठाऊक नाही, त्या दिवशी तुम्हाला सोडून आल्यावर हे मला काय म्हणाले होते. म्हणाले होते, “धाकटा चाळीस मिनिटं तोंड उघडून बोलला नाही. काहीतरी लागलंय त्याला माझं.” अकरा महिने हा माणूस वाट बघतोय की तुम्ही बोलाल. तुमचा फोन वाजला की उठून आतल्या खोलीत जातात. मला वाटायचं रागाने जातात. आता विचारलं तर म्हणाले, “त्याला माझ्याशी बोलायचं नसतं, मग समोर कशाला बसायचं.” कोण कोणाची समजूत घालणार, मी मध्ये नुसती पिशव्यांच्या राखणीला.

तर असं आपल्या गाडीचं सर्व्हिसिंग झालं. पुढचं सहा महिन्यांनी करायचं आहे. गुडघ्याला शेक घेत जा. तुमच्या पुढच्या सीटवरची उशी मी काढून ठेवली आहे, आईंनी ती दोनदा परत ठेवली, मी तिसऱ्यांदा काढली.

तुमची,
वहिनी

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. त्या दिवशी तुम्ही यांना काय विचारलंत, ते कृपा करून लिहून पाठवा. मला सांगायचं नसेल तर पाकीट वेगळं घाला आणि त्यावर दादांचं नाव घाला, मी उघडणार नाही (उजेडात धरूनही बघणार नाही). अक्षर मोठं काढायची गरज नाही. कान गेलाय, डोळे शाबूत आहेत.

ता. क. दुसरा. हे पत्र मी यांना वाचून दाखवलं, उजवीकडून. यांचं म्हणणं, वाट कशाला बघायची, अकरा महिने झालेत, त्याला आताच कळव. त्याने जे काय विचारलं असेल त्याला माझं हो आहे. मी म्हटलं, अहो, प्रश्न माहीत नसताना हो कसं लिहू? घर मागितलं असेल, इथे कायमचं राहायला यायचं असेल, नाहीतर लग्न करतोय, येशील का म्हणून विचारलं असेल. म्हणाले, सगळ्याला हो. मग जरा थांबून म्हणाले, गाडी मागितली असेल तर तेवढं मात्र जपून लिही.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायला घेतलं होतं, तेवढ्यात हे छापखान्याला निघता निघता फाटकातून परत आले. चपला पायांत तशाच. म्हणाले, गाडी असली तरी हो. खोडू नकोस, खाली वेगळं लिही, म्हणजे मी आधी नको म्हणणार होतो हेही त्याला कळू दे. तेव्हा भावजी, उत्तर तुमच्या हातात आहे. आता प्रश्न तेवढा पाठवा.